बंगालचा उपसागर विदर्भ आवृत्तीत घ्या

नागपुरातून निघणाऱ्या मराठी दैनिकांचे संपादक आणि वृत्तवाहिन्यांच्या विदर्भ कचेऱ्या सांभाळणारे सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी उपसंपादक म्हणून तीसेक वर्षं रात्रपाळीत टेबलावर काढली. कोणत्या दैनिकात, ते इथं महत्त्वाचं नाही. जे सांगणार आहे ते सगळीकडेच चालायचं, आणि बरंचसं मी स्वतःच केलेलं आहे.

त्या काळी आमच्याकडे काही पानं मुंबईहून तयार यायची. त्यातल्या एका पानाच्या तळाशी चौकट असे: भरती अमुक वाजता, ओहोटी तमुक वाजता. पान जसं यायचं तसं आम्ही सोडायचो. एकदा एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. त्यानं लिहिलं होतं, ‘आपल्या पेपरात दिलेल्या वेळी अंबाझरी तलावावर जाऊन उभा राहिलो. भरती काही आली नाही. कळावे.’ कार्ड टेबलावरून फिरलं, सगळे खो खो हसले, कुणीतरी ते काचेखाली ठेवलं. चौकट त्यानंतरही कित्येक महिने छापून येत राहिली.

आता वाटतं, नागपूरच्या वाचकाला समुद्र देण्यात चूक नव्हती. आम्ही समुद्र चुकीचा देत होतो.

नकाशा काढा आणि पट्टी ठेवा. नागपूरहून मुंबई सरळ रेषेत ६९० किलोमीटरच्या आसपास पडते. विशाखापट्टणम पडतं ५८० च्या आसपास. म्हणजे आपल्याला जवळचा समुद्र पूर्वेचा आहे, शंभरेक किलोमीटरनं. पण राज्याची राजधानी पश्चिमेला, मुख्य कचेरी पश्चिमेला, हवामानाची बातमी लिहिणारा माणूसही पश्चिमेला. त्यामुळे आपल्या पानावर समुद्र म्हटला की गेटवेवर उसळणारी लाटच येते. नकाशा छापतो तोही महाराष्ट्राचा, गडचिरोलीच्या सीमेवर कापलेला. पाऊस ज्या बाजूनं येतो, नेमकी ती बाजू कोरी.

मान्सूनची अरबी समुद्राची शाखा सह्याद्रीवर मोकळी होते आणि नगर-सोलापूरकडे पोचेपर्यंत रिकामी झालेली असते. तिच्याच भरवशावर आपण असतो तर पूर्वेकडे जावं तसा पाऊस आणखी कमी व्हायला हवा होता. विदर्भात उलटं आहे. बुलढाण्याकडे वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास, नागपूरला साधारण अकराशे, गडचिरोलीत तेराशेच्या वर. भंडारा-गोंदियात धान आणि तलाव, वाशीम-अकोल्यात कापूस आणि सोयाबीन. हे असं का, ते या आकड्यांतच आहे. २०२३ साली अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ घुटमळत राहिलं आणि पश्चिमेची शाखा रखडली, तेव्हा मान्सून विदर्भात आधी आला आणि मुंबईत नंतर, २५ जूनला. तरी आपल्या पानांवर वाट पाहणं चाललं होतं ते मुंबईच्या पावसाचं.

हे सगळं मला नोकरीत असताना कळत होतं का? थोडंफार. भूगोलात वाचलेलं होतं. पण टेबलावर बसलेल्या माणसाचा भूगोल रकान्याच्या मापाचा असतो.

आता कबुलीजबाब. २०२१ सालचा २६ सप्टेंबर, रविवार. गुलाब नावाचं चक्रीवादळ संध्याकाळनंतर आंध्रच्या किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ चढत होतं. एजन्सीची कॉपी आली, चांगली लांब. वाऱ्याचा वेग, हलवलेली माणसं, रद्द झालेल्या गाड्या, बेपत्ता मच्छीमार. अगदी तळाच्या परिच्छेदात होतं की जमिनीवर आल्यावर वादळाचा जोर ओसरेल, पण उरलेली प्रणाली तेलंगणावरून पश्चिमेला सरकेल आणि मराठवाडा-विदर्भात जोरदार पाऊस होईल. मला जागा होती दीड रकान्याची. बातमी खालून कापायची, हे पहिल्या दिवशी शिकवतात, कारण महत्त्वाचं वर असतं. मी खालून कापली. मथळा दिला आंध्रचा. तो परिच्छेद कापायला मला चार सेकंदही लागली नसतील.

माझी थोरली बहीण उमरखेड तालुक्यात राहते. तिच्या शेतात त्या आठवड्यात सोयाबीन कापून पडलेलं होतं. अर्ध्याची गंजी लागली होती, अर्धं रानात तसंच पसरलेलं. ताडपत्री एकच, तीही मागच्या उन्हाळ्यात तडकलेली. सोमवारी दुपारनंतर आभाळ भरलं आणि मग पाऊस थांबेना. दोन दिवसांनी शेंग उघडून पाहिली तेव्हा दाणे हरभरा भिजवल्यासारखे टचटचीत फुगलेले होते. आणखी तीन दिवसांनी शेंगेच्या शिवणीतून पांढरे कोंब बाहेर आले. तिनं एक मूठ शेंगा पिशवीत घालून पुढच्या खेपेला नागपूरला आणल्या, मला दाखवायला. रागावली वगैरे नव्हती. एवढंच म्हणाली, “तुह्या पेपरात तं वादळ आंध्रात आहे म्हणून होतं नं रे भाऊ.”

होतं. खरंच होतं.

२८ तारखेला सकाळी त्याच उमरखेड तालुक्यात, दहागावच्या नाल्यावर, पुलावरून पाणी जात असताना नांदेड-नागपूर मार्गावरची एसटी वाहून गेली. माणसं गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही ती बातमी पहिल्या पानावर सात रकाने घेतली. त्या बातमीत बंगालचा उपसागर हा शब्द कुठंही नव्हता. पाऊस ‘मुसळधार’ होता आणि नाला ‘दुथडी’ होता, जसा दरवर्षी असतो. गुलाबचं ते उरलेलं अंग पुढे मराठवाडा ओलांडून गुजरातकडून अरबी समुद्रात उतरलं, तिथं त्याला पुन्हा बळ आलं, शाहीन असं नवं नाव मिळालं आणि ३ ऑक्टोबरला ते ओमानवर जाऊन आदळलं. एकाच वादळाच्या दोन बातम्या आम्ही दोन नावांनी, आठ दिवसांच्या अंतरानं, परदेशच्या पानावर आणि देशाच्या पानावर छापल्या. मधला, आपल्या घरावरून गेलेला तुकडा तेवढा निनावी राहिला.

तो परिच्छेद छापला असता तर ताईनं गंजी वाचवली असती असं मी म्हणणार नाही. ताडपत्री एकच होती. पण तिनं रविवारी मजूर लावले असते की नाही, हे ठरवायचा हक्क तिचा होता, आणि तो मी जागेअभावी कापला.

याचा अर्थ रोज वादळाची धास्ती पेरा असा नाही. तोही रोग आहेच. दुसरा रोग शब्दांचा. त्यावर मी दोन घटका बोलणार आहे, कारण टेबलावरची माणसं हे पत्र वाचणार असतील तर ती यासाठीच वाचतील.

पहिला शब्द ‘पट्टा’. आपण सर्रास लिहितो, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. पट्टा लांबट असतो, शेकडो किलोमीटर ताणलेला. उपसागरात जे गोल फिरत जन्माला येतं आणि नंतर चालत येतं, ते कमी दाबाचं क्षेत्र. दोन्हींना पट्टा म्हटलं की वाचकाला काय चालत येतंय आणि काय नुसतं पसरलेलं आहे, ते कळत नाही. क्षेत्रातले वारे ताशी ३१ किलोमीटरच्या वर गेले की डिप्रेशन, ५० ला तीव्र डिप्रेशन, आणि ६२ पासून चक्रीवादळ. नाव मिळतं ते इथं आल्यावर. आपण नावाची वाट पाहत बसतो. पण विदर्भाला पूर दाखवणाऱ्या बऱ्याच प्रणाल्या बिननावाच्याच असतात. वाऱ्यानं घर पाडत नाहीत, पाण्यानं पाडतात.

दुसरा, ‘चक्राकार वारे’. हवेच्या वरच्या थरात वारे गोल फिरताहेत, इतकंच. त्याचं मथळ्यात ‘चक्रीवादळ घोंघावतंय’ होतं. मग चार दिवसांनी काही झालं नाही की पानठेल्यावर माणूस म्हणतो, ‘ह्या हवामानवाल्यायले काही समजत नाही.’ समजत असतं. मथळा आपण दिलेला असतो.

तिसरा माझा लाडका: ‘मान्सूनचा आस’. आस म्हणजे अक्ष, कमी दाबाची ती लांब रेघ, राजस्थानातून निघून उपसागराच्या माथ्याशी टेकणारी. ती दक्षिणेला सरकली की मध्य भारतात पाऊस, हिमालयाच्या पायथ्याशी गेली की आपल्याकडे खंड. एकदा माझ्या एका तरुण सहकाऱ्यानं ‘मान्सूनचा आस उत्तरेकडे’ हे वाक्य सुधारून ‘मान्सूनची आस उत्तरेला’ असं केलं. मीही ते सोडलं. उत्तर भारतीय आतुरतेनं पावसाची वाट पाहताहेत, असा त्याचा अर्थ झाला. त्या दिवशी विदर्भाला खरी बातमी होती, की आता आठवडाभर पाऊस नाही, निंदण-डवरणी उरकून घ्या.

आणि ते रोजचं वाक्य: ‘मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.’ नागपूरच्या पानावर हे वाक्य आलं की आपण विनोद म्हणून वाचतो किंवा काढून टाकतो. मी शेकडो वेळा काढलं असेल. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी एक पावसाळा वहीत टिपून पाहिला. एका रकान्यात मच्छीमारांचा इशारा, शेजारी नागपूरचा पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये ओडिशा आणि उत्तर आंध्रच्या किनाऱ्यासाठी ‘ताशी ४५ ते ५५ किलोमीटर सोसाट्याचा वारा, झोत ६५, समुद्र खवळलेला’ असं आलं, की बहुतेकदा दोन-तीन दिवसांत आपल्याकडे आभाळ भरायचं. इशारा नुसता बंगालच्या किनाऱ्याचा असला तर क्षेत्र झारखंड-बिहारकडे निघून जायचं आणि आपण घाम पुसत राहायचो. ही काही माझी विद्या नाही. कमी दाबाची क्षेत्रं उपसागराच्या उत्तर भागात तयार होऊन पश्चिम-वायव्येला छत्तीसगड, मध्य प्रदेशाकडे चालतात, आणि त्यांचा जोराचा पाऊस त्यांच्या नैर्ऋत्य अंगाला पडतो, हे जाणकारांना केव्हापासून ठाऊक आहे. क्षेत्र रायपूर-जबलपूरच्या आसपास आलं की त्याचं नैर्ऋत्य अंग कुठं येतं, ते नागपूरकराला निराळं सांगायला नको. कोळ्यासाठी लिहिलेला तो इशारा आपल्या शेतकऱ्यासाठी दोन दिवस आधीची तार आहे. आपण ती न फोडताच टोपलीत टाकतो.

ऑगस्ट २०२० चा शेवटचा आठवडा आठवा. उपसागरातलं असंच एक क्षेत्र मध्य प्रदेशावर येऊन बसलं, छिंदवाडा-सिवनीकडे पाणी कोसळलं. तोतलाडोह धरणाची दारं उघडली, वैनगंगेवर सिवनीतल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं, गोसीखुर्द धरणाची सगळी ३३ दारं उघडावी लागली, आणि भंडारा, ब्रह्मपुरी, गडचिरोलीत लोक छपरांवर गेले. त्या वेळी कित्येक गावांत पाऊस थांबलेला होता, ऊन पडलेलं होतं. ‘ऊन असताना पूर आला’ अशी बातमी आपण नवल म्हणून केली. त्यात नवल कसलं. पुराचं बी आठवडाभर आधी समुद्रात पडलेलं होतं आणि ते कुठल्या वाटेनं येतंय, हे रोजच्या बुलेटिनात लिहिलेलं होतं. धरणाची दारं कुणी कधी उघडायला हवी होती यावर नंतर भरपूर छापलं, तेही छापायलाच हवं होतं. समुद्राचं राहून गेलं.

या उपसागरातच इतकं का शिजतं, हेही कधीतरी वाचकाला सांगा. त्याचं अर्धं उत्तर आपल्या गटारात आहे. चेष्टा नाही. आपली नाग नदी, जिच्याकडे आपण नाक धरून पाहतो, ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याशी गोदावरीत शिरते, आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली फाटे फुटून उपसागरात. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदीही तिथंच रिकाम्या होतात. एवढं गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वरच तवंगासारखं पसरून राहतं. खालचं थंड पाणी वर ढवळून येत नाही, वरचा थर तापलेलाच राहतो, २८ अंशांच्या वर. तापलेलं पाणी म्हणजे वादळाचा चारा. जुना हिशेब असा, की अरबी समुद्रात एक वादळ तर इकडे चार. अलीकडे अरबी समुद्रही तापू लागला आहे, ती काळजी वेगळी.

मोंथा चक्रीवादळ आठवतं? २८ ऑक्टोबर २०२५ च्या मध्यरात्री ते काकीनाड्याच्या दक्षिणेला नरसापूरजवळ जमिनीवर आलं. नरसापूर म्हणजे गोदावरीच्या एका फाट्याचं मुखच. अंबाझरीच्या सांडव्यावरून निघालेला थेंब जिथं समुद्राला लागतो त्याच दारातून वादळ आत आलं आणि तेलंगण-छत्तीसगडच्या अंगानं आपल्याकडे वर सरकलं. पूर्व विदर्भात तेव्हा धान कापणीला होता. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत, म्हणजे खाचरात, पडलेल्या, पुंजणी म्हणजे गंजी लागायची होती. मी आता नुसता वाचक. सकाळी पेपर उघडला तर पहिल्या पानावर आंध्रच्या किनाऱ्यावरची उन्मळलेली नारळाची झाडं होती, मोठ्या फोटोत. मी बातमीचा शेवटचा परिच्छेद शोधला. बातमी पूर्णविरामाच्या जरा अलीकडेच संपल्यासारखी वाटत होती. खालून कापलेली बातमी मला ओळखू येते.

कचेरीत कुणी म्हणेल, ही माहिती मिळवायची कुठून. सोनेगावला विमानतळाशेजारी प्रादेशिक हवामान केंद्र आहे, त्यांचं बुलेटिन रोज निघतं. समुद्राच्या लाटा, प्रवाह, पाण्याचं तापमान यांचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते. समुद्र तिलाही दिसत नाही, तीही आपल्यासारखीच पठारावर बसलेली आहे. चेन्नईच्या सागर तंत्रज्ञान संस्थेचे बोये, म्हणजे तरंगती मोजणी यंत्रं, उपसागरात नांगरलेले आहेत, वारा आणि पाण्याची ऊब मोजून उपग्रहावरून कळवत असतात. त्या बोयांची नावं बीडी-०८, बीडी-०९ अशी आहेत. भंडाऱ्याच्या वाचकाला बीडी म्हटलं की तेंदूपत्ताच आठवणार, तेव्हा छापताना जरा सांभाळून.

मुळात हवामान खातंच एका वादळानं आणि दुष्काळानं जन्माला घातलं. १८६४ साली कोलकात्यावर चक्रीवादळ कोसळलं, नंतर १८६६ आणि १८७१ ला पावसानं दगा दिला, आणि १८७५ ला खातं स्थापन झालं. उपसागरातलं वादळ आणि आतल्या मुलखातलं कोरडं शेत हे एकाच प्रकरणाचे दोन कागद आहेत, एवढं तेव्हाच्या सरकारी बाबूंनाही उमगलं होतं. आपण ते दोन वेगळ्या पानांवर टाकतो.

मागणी लहान आहे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रोज चार ओळी. सोनं-चांदीच्या भावाशेजारी, तेवढ्याच टायपात. त्याबरोबर दोन इंचांचा नकाशा, ज्यात महाराष्ट्र डाव्या कोपऱ्यात आणि उपसागर मधोमध असेल. नमुना असा: ‘बंगालचा उपसागर: उत्तर आंध्र किनाऱ्यालगत कमी दाबाचं क्षेत्र. समुद्र खवळलेला. दिशा पश्चिम-वायव्य. पूर्व विदर्भात परवापासून जोर, पश्चिम विदर्भात त्यानंतर.’ झालं. ज्या दिवशी काही नसेल त्या दिवशी ‘उपसागर शांत, आस हिमालयाच्या पायथ्याशी’ असं छापा. फवारणी करणाऱ्याला तीही बातमीच आहे. हिवाळ्यात हवं तर बंद ठेवा, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून दमट वारे सुरू झाले की पुन्हा काढा. ते वारे वरून येणाऱ्या थंड हवेशी भिडले की आपल्याकडे गारा पडतात आणि काटोल-नरखेडच्या संत्र्यांचा सडा पडतो.

वाहिन्यांच्या मित्रांनी रेनकोट घालून दादर चौपाटीवर उभं राहायला माझी हरकत नाही. फक्त विदर्भाच्या बुलेटिनात तो फोटो मागं ठेवून ‘राज्यात पावसाचा जोर’ म्हणू नका. त्या वेळी हिंगण्यात धूळ उडत असते.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, चालू आहे. कूलरचं पाणी दुपारी दोनदा भरावं लागतंय. तरी अंदमानाकडे ढग जमू लागल्याचं परवाच्या बुलेटिनात होतं, म्हणजे वेळ फार नाही. माणूस नाही म्हणाल, तर मी आहे. रोज रात्री साडेनऊपर्यंत चार ओळी लिहून पाठवीन, सगळ्यांना सारख्याच. मानधन नको, नाव नको. जागा कमी पडली तर वरून कापा.

आपला,
एक निवृत्त उपसंपादक
नागपूर